पिवळ्याचा हातचा

मास्तर,

तुमचा फोटो सध्या माझ्याकडे आहे. घरातल्या कपाटात, जुन्या स्वेटरांच्या खाली, टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. बायकोने विचारलं तेव्हा सांगितलं की काच बदलायची आहे. काचेला काही झालेलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, कारण रोज सकाळी लॅबचं दार उघडलं की समोरच्या भिंतीवर तुम्ही असायचात. आता तिथे नुसता खिळा आहे. खिळा काढायचा मात्र कोणाला सुचलं नाही.

मी कळमेश्वरच्या कापड रंगवायच्या कारखान्यात आलो तेव्हा माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि डोळे नव्हते, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. पहिल्याच आठवड्यातला तो दिवस मला अजून तसाच्या तसा दिसतो. गिऱ्हाइकाने नमुन्याला पाठवलेली नारिंगी चिंधी आणि आपण रंगवलेली चिंधी, दोन्ही मी ट्यूबलाइटखाली धरून उभा आहे आणि मोठ्या ऐटीत सांगतोय की जुळली. तुम्ही मागून येता, माझ्या हातातली आपली चिंधी काढून घेता आणि सरळ पाण्याच्या बादलीत टाकता. "ट्यूबखाली नवरी पाहाले जाते का बे कोणी?" म्हणता. मग तिचाच दुसरा तुकडा आणि गिऱ्हाइकाची चिंधी घेऊन मला उत्तरेच्या खिडकीपाशी नेता, खिशातला पांढरा रुमाल शेजारी धरता आणि विचारता, "आता सांग, काय कमी हाय?" मला काहीच कमी दिसत नाही. पंधरा मिनिटं तुम्ही मला तिथून हलू देत नाही. सोळाव्या मिनिटाला मला दिसतं की पिवळा कमी आहे, आणि मला इतका आनंद होतो की मी मोठ्याने ओरडतो. लॅबमधल्या दोघी हसत सुटतात. त्यातली थोरली, जिला तुम्ही वजनवाली बाई म्हणायचात, ती तर पुढे कित्येक वर्षं मला त्या आरोळीवरून चिडवायची.

त्या पिवळ्याचीच ही सगळी कथा आहे. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी, सत्कार आटपल्यावर, तुम्ही मला बाहेरच्या टपरीवर आलूबोंडा खायला नेलंत आणि शेडची वही माझ्यासमोर ठेवलीत. प्रत्येक पानावर चिंधी चिकटवलेली, शेजारी रंगाचं प्रमाण, तुमच्या ठसठशीत अक्षरात. ती वही मी कित्येक वेळा पाहिली होती. तिच्यावरून चोरून रंग करूनही पाहिला होता, आणि तो दर वेळी मळका यायचा. "पिवळा तीन लिहिला असंन तिथं चार टाकाचा," तुम्ही म्हणालात. "वरचा एक हातचा. तो वहीत नाही लिहाचा, डोक्यात ठेवाचा." उमरेडला तुमचे वडील साड्यांचं सूत रंगवायचे, तेही असंच लिहायचे, आजोबाही तसंच. मी विचारलं, "मास्तर, मग पुरं काहून नाही लिहीत?" तुम्ही बोंड्याचा तुकडा तर्रीत बुडवत म्हणालात, "पुरं लिहून देल्लं त उद्या मालक वहीलेच कामावर ठेवन. मले कायले ठेवन?" दोघंही हसलो. मला तेव्हा ते जुन्या माणसाचं खूळ वाटलं होतं, खरं सांगतो.

आता वहीला कामावर ठेवलंय, मास्तर. एजंट म्हणतात त्यांना. माणसं नाहीत, संगणकातले कामकरी आहेत. पूर्वी संगणकाला एकेक गोष्ट सांगावी लागायची. यांना नुसतं काम सोपवायचं, पुढचं ते आपसात वाटून घेतात. एक गिऱ्हाइकाचं पत्र वाचतो, दुसरा रंगाचं प्रमाण काढतो, तिसरा मशीनची वेळ लावतो, चौथा रंग मागवतो, आणि एक या सगळ्यांच्या कामातल्या चुका शोधतो. साहेबांनी पहिल्या दिवशी आम्हाला बसवून सांगितलं की हे तुमचे नवे सहकारी आहेत, तुमची डोकी आता नवीन कल्पनांसाठी मोकळी होतील. पण नवीन कल्पनाही तेच काढतात. आपण महिन्याला चार नवे शेड काढले तर मिठाई वाटायचो. हे सकाळच्या चहाआधी चाळीस काढून गिऱ्हाइकाला पाठवून मोकळे होतात. एकदा त्यांनी नारिंगीत हिरव्याचा थेंब घातला. मी म्हटलं, आता बघा फजिती. खोटं कशाला बोलू, सुरेख रंग आला. मी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, तुम्ही असता तर रुमाल काढला असता. पण दाखवायचा कोणाला? गिऱ्हाइकाच्या बाजूलाही आता एजंटच पसंत करतो.

तरी गाडी एका ठिकाणी अडली होती. जुनी गिऱ्हाइकं अजून तुमच्याच वहीतले रंग मागत होती आणि वहीवरून केलेला रंग एजंटांचा मळका येत होता. म्हणून लॅब चालू होती. त्या रंगांचा पिवळा मी स्वतः तोलायचो, कोणाला हात लावू द्यायचो नाही. मग चुका शोधणाऱ्याने तुमच्या काळातल्या स्टोअरच्या चिठ्ठ्या काढल्या. त्या चिठ्ठ्यांवर स्टोअरवाल्याने तोलून दिलेलं खरं वजन होतं. तुमच्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या, रंगाचे डबे थेट लॅबमध्ये यायला लागले, त्यामुळे माझ्या वेळचा काहीच कागद नव्हता. एका सोमवारी माझ्या पडद्यावर टिपण आलं. वहीत नोंदलेला पिवळा आणि स्टोअरमधून उचललेला पिवळा यांत सतत फरक आढळतो, पिवळ्या रंगाची चोरी संभवते, संबंधित व्यक्ती तत्कालीन डाइंग मास्टर. खाली प्रश्न होता, हा निष्कर्ष आपल्याला मान्य आहे का? होय, नाही, माहिती नाही. मला विचारलं होतं, कारण त्या काळातला, वही वाचता येणारा मी एकटाच उरलो होतो.

"नाही" दाबलं की कारण लिहावं लागत होतं. कारण लिहिलं की हातचा गेला, आणि हातचा गेला की लॅब गेली. थोरलीची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. धाकटीने नुकतंच घर बांधायला काढलं होतं. मलाही आता या वयात दुसरीकडे कोणी उभं करणार नाही. हे सगळं मी तेव्हा मनाशी म्हटलं आणि ते खरंही होतं, पण त्यात माझं स्वतःचं किती आणि त्या दोघींचं किती, हे मी आजवर नीट तोलून पाहिलेलं नाही. मी "माहिती नाही" दाबलं. पुढच्या आठवड्यात साहेबांनी फोटो उतरवून माझ्या हातात दिला. म्हणाले, गाजावाजा करायचा नाही, माणूस गेलेला आहे, घरच्यांकडे पोचवून द्या. मी हो म्हणालो. पिशवी छातीशी धरून कंपनीच्या बसने सीताबर्डीपर्यंत आलो, आणि शेजारच्याने काय आहे म्हणून विचारलं तर कॅलेंडर म्हणालो.

तुम्हाला वाटेल, निदान लॅब तरी वाचली. दीड महिना वाचली. प्रमाण काढणाऱ्याने वहीतल्या चिंध्यांचा रंग यंत्राने मोजला, शेकडो बारीक नमुने रंगवून घेतले आणि एका शुक्रवारी लिहून दिलं की या वहीतला पिवळा सगळीकडे एकतृतीयांशाने वाढवावा. बस्स, एवढी एक ओळ. तुमच्या तीन पिढ्यांचा हातचा. मी वाट पाहत राहिलो की आता कोणीतरी म्हणेल, अरे, म्हणजे चोरी नव्हतीच ती. पण चोरी लिहिणारा वेगळा आणि हे शोधणारा वेगळा. चोरीचं प्रकरण बंद झालं होतं, बंद प्रकरण उघडायला दोघांपैकी कोणाला सांगितलेलं नव्हतं. साहेबांना वही कधी वाचताच येत नव्हती. दोन्ही कागद शेजारी ठेवून ज्याला कळलं असतं असा अख्ख्या कारखान्यात एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला होता.

महिनाअखेरीला त्या दोघींना निरोप दिला. मला ठेवलं. तपासणीसाठी एक माणूस लागतो म्हणे, होय किंवा नाही दाबायला. थोरलीने जाताना तराजू पुसून ठेवला, झाकण घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, तुम्हाले माहीत होतं. पिवळा तुम्हीच तोलत होते. मास्तरले चोर म्हणू देल्लं, अन् आमचं काम त गेलंच." मी म्हटलं, "बाई, मले वाटलं होतं..." ती थांबली नाही. मला काय वाटलं होतं ते ऐकायला तिला वेळ नव्हता. मी तिच्या जागी असतो तर थुंकलो असतो.

आता काकूंचं सांगतो. तुम्ही गेल्यापासून दसऱ्याच्या यंत्रपूजेला त्या दरवर्षी येतात, तुमच्या फोटोला झेंडूचा हार घालतात, मग आमच्या सगळ्यांच्या हातावर सोनं ठेवतात. फोटो उतरवल्याचं त्यांना चौकीदाराकडून कळलं. त्यांचा फोन आला. "काहून गा, यायचा फोटो काहून उतरवला?" मी म्हणालो, "भिंतीले रंग देऊन राहिले, काकू." तोंडातून निघून गेलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "द्या बाप्पा, चांगला द्या. रंगवाल्याचीच भिंत कळकट झाली होती."

तुमच्यावरचा डाग मला आजही पुसता येईल, मास्तर. आता त्यात कोणाची नोकरी जाणार नाही, जायच्या होत्या त्या गेल्या. दोन ओळी लिहायच्या आहेत. पण लिहिल्या की साहेब विचारतील, हे तेव्हा का नाही सांगितलं? चोरी असेल म्हणून नव्हे, या एका प्रश्नाच्या भीतीने मी तुम्हाला कपाटात ठेवलंय. हे पत्र काकूंच्या हाती देईन असं सुरुवातीला मनात होतं. नाही देणार, तेही लिहिता लिहिता कळलं. आज दुपारी त्यांचा परत फोन होता. दसरा आठ दिवसांवर आलाय.

"झाला का गा रंग?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "होऊन राहिला, काकू."