बुधरीच्या नावाचा दगड

गुरुवार, २१ ऑगस्ट २००३
आश्रमशाळा, आलापल्लीच्या पुढे

शगुफ्ताबाई,

नमस्कार. तुम्ही आणि अब्बा खुशाल असाल. पावसाळ्यात अब्बांचं शिलाई मशीन अजून अडून बसतं का? इथे सव्वा वर्षात फार काही बदललेलं नाही. तुम्ही लावलेला जांब भिंतीच्या वर गेलाय. इसरू अजून वरणात दोनदा मीठ टाकतो आणि विचारलं की हवेला दोष देतो. नाल्यावरचा रपटा तीन दिवस पाण्याखाली होता, आज सकाळी उघडा पडला, म्हणून हे पत्र इसरूच्याच हाती पाठवतो आहे. माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट तसंच ठेवून द्याल हे मला माहीत आहे. बाईंनी वाचेपर्यंत दारातून हलू नकोस, असं त्याला बजावलं आहे.

कामाचं आधी लिहितो. आपल्या शाळेतली आठवीची एक मुलगी तिथेच, तुमच्या चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात आहे. मलेरिया मेंदूत चढला होता. ताप उतरून नऊ दिवस झाले, पण ती बोलत नाही आणि खात नाही. सलाईनवर आहे. डॉक्टर म्हणाले, औषधाने करायचं ते केलं, आता तिने स्वतः घास घेतला तरच ती हाती लागेल. तुम्ही आजच्या आज तिच्याकडे जा. आणि येत्या बुधवारच्या आत तिला तिच्या गावी पोचवायचं आहे, कारण बुधवारी गावात तिच्या नावाचा दगड उभा राहतो आहे.

होय, माणूस गेल्यावर हे लोक उभा करतात तो दगड. मुलगी जिवंत आहे आणि तिकडे डोंगरातून तिचा दगड उतरवून आणला आहे. मी डोळ्यांनी पाहिला. माझ्या कमरेएवढा आहे.

हे कसं झालं? सांगतो. तुम्ही इथून जाताना एक पुस्तक विसरला होता, अमेरिकेतल्या मूळ लोकांवरचं. चार ऑगस्टला आठवीला नव्या खंडाच्या शोधाचा धडा होता, म्हणून ते वर्गात नेलं. मी फार मनापासून शिकवलं हो. भलत्याच किनाऱ्याला लागलेले गोरे त्या लोकांना इंडियन म्हणू लागले आणि ती चूक पाचशे वर्षं कोणी दुरुस्त केली नाही, हे सांगितलं. पुढे त्यांच्या लेकरांना उचलून दूरच्या शाळांत कसं ठेवलं, केस कापले, भाषा बोलली की मारलं, फळ्यावर लिहिलेल्या नावांतून एक उचलून गळ्यात घातलं, तेही सांगितलं. ह्यांना देव नाही, अक्षर नाही, रीत नाही, आपण ह्यांचं भलंच करतो आहोत, असं ते गोरे मनोमन मानत होते, हे तर मी दोनदा सांगितलं. त्या पुस्तकात एकाच मुलाचे दोन फोटो आहेत ना, एक आल्या दिवशीचा लांब केसांचा, एक नंतरचा कोटातला? ते मी बाकाबाकावर फिरवले.

तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, असीच माही फोटू तुमच्या हाफिसात हाये. दोन."

वर्ग हसला. मीही हसलो. हाफिसात आहेतच ते फोटो, तुम्ही पाहिलेत. आल्या दिवशीचा मण्यांच्या माळांसकट आणि सहा महिन्यांनंतरचा दोन वेण्या आणि गणवेशातला. साहेब लोक तपासणीला आले की मी तेच आधी दाखवतो.

मग ती उभी राहिली आणि म्हणाली, "मंग माहं नाव वापस लिवा ना, सर."

आता तुम्हाला कळलं असेल मी कोणाबद्दल लिहितो आहे. हजेरीत ती निशा आहे. पाचवीला एका वर्गात चार बुधऱ्या आल्या होत्या. मी एका दुपारी बसून चौघींना चार नावं दिली आणि अहवालात लिहिलं, 'नावांत सुधारणा केली.' सुधारणा! ते नाव तिच्या आजीचं होतं. आजीच नातीत परत आली असं तिच्या घरचे मानतात, हे तुम्ही गोंडी शिकून मला येऊन सांगितलं होतं. वर विचारलं होतं, "सर, उद्या तिचा बाप दारात आला तर कोणाला हाक मारेल?" त्यावर मी अख्ख्या स्टाफसमोर म्हणालो होतो, "बाई, तुम्ही तुमच्या मोहल्ल्याचं बघा." तुम्ही बदली मागितली ती त्या वाक्यावर. इतके दिवस मी सगळ्यांना सांगत आलो की बाईंना जंगल सोसलं नाही. मला लाज वाटते, शगुफ्ताबाई. माफ करा असंही कोणत्या तोंडाने म्हणू?

तर त्या दिवशी ती उभी राहिली आणि मला राग आला. वर्गापुढे आला म्हणून जास्तच आला. तिला व्हरांड्यात बसवलं आणि 'माझे नाव निशा आहे' हे शंभर वेळा लिहायला सांगितलं. संध्याकाळी तिने वही आणून दिली. शंभर ओळी पूर्ण होत्या. शेवटच्या वीसेक ओळी रेघ सोडून खाली घसरल्या होत्या. मी 'अक्षर सुधारावे' असा शेरा मारला. तिला तेव्हाच ताप होता. वही घेताना तिचा हात माझ्या हाताला लागला होता, बाई. गरम होता. मला कळलं होतं.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. या पत्रातही टाळणार होतो.

सहा तारखेला तिची शुद्ध हरपली. इसरू आणि नवी मदतनीस मनकर्णा जीपने तिला चंद्रपूरला घेऊन गेले. कागदावर अर्थातच निशा. नऊ तारखेला तपासणी होती. साहेबांना तेच फोटो दाखवत होतो, तेवढ्यात दारात एक भिजलेला माणूस येऊन उभा राहिला. "गुरुजी, माही बुधरी कुठी हाये? जीपीत घालून नेली म्हन्तेत." मी मान वर न करता म्हणालो, "या नावाची मुलगी इथे नाही."

मी खोटं बोललो नाही हो. खोटं बोललो असतो तर निदान माझ्या मनात ती असती. मला ते नाव आठवलंच नाही.

बारा तारखेला इसरू परतला. जेवताना त्याला सहज सांगितलं, कोणी बुधरीला शोधत आला होता. त्याने ताट खाली ठेवलं. "सर, थो लच्छू असन, तिचा बाप. बुधरी म्हंजे आपली निशाच ना."

तोवर लच्छू चंद्रपूरला जाऊन आला होता. दोन दिवस दवाखान्याच्या दारात बसला, खिडकीवर विचारत राहिला. त्यांनी वही दोनदा चाळली, बिचाऱ्यांनी. बुधरी नव्हतीच वहीत. शाळेत नाही, दवाखान्यात नाही, म्हणजे पोरगी मेली आणि या लोकांनी परस्पर कुठे तरी टाकली, असं धरून तो घरी गेला.

मी त्याच्या गावी गेलो, त्याच्या पायाशी बसून सांगितलं, ती जिवंत आहे, चल माझ्यासोबत. तो दगड धुत होता. म्हणाला, "थे निशा तुमची हाये, गुरुजी. तुमी बनवली. तिले तुमी ठेवा. मले माही बुधरी द्या." मी हात जोडले. तो म्हणाला, "एक डाव तुमी नाई म्हनलं, एक डाव दवाखान्यानं नाई म्हनलं. तिसऱ्या डाव आयकाले मी नाई येत."

त्याच्या भावाने मला बाजूला घेऊन सांगितलं, दगड उभा राहिला की ते नाव मेलेल्याचं. मग पोरगी चालत आली तरी त्या नावाने तिला घरात घेता येणार नाही. बुधवारी जन्मली म्हणून बुधवारच धरला आहे.

मी दवाखान्यातही गेलो. मला पाहून तिने भिंतीकडे तोंड केलं. मी 'बुधरी' म्हणालो. तिने डोळे मिटून घेतले. माझ्या तोंडून तिला ते नको आहे, आणि तिचं बरोबर आहे. तिच्याजवळ असलेल्या मनकर्णाला दुसरं नाव ठाऊक नाही. तिला पहिल्या दिवसापासून बुधरी म्हणणारं या शाळेत एकच माणूस होतं आणि त्याला मी हाकलून लावलं.

सोबत सहीशिक्क्याचा कागद आहे: निशा आणि बुधरी एकच, नाव मी बदललं, चूक माझी. तो दवाखान्यात दाखवा. हजेरीतही चारही नावं मी लाल शाईने परत लिहिली आहेत. साहेबांना कळेल, कळू दे.

माझ्यासाठी करू नका. माझा निरोपही तिला देऊ नका. फक्त तिच्या उशाशी बसा आणि तुमच्या गोंडीत हाक मारा. तिने मान वळवली तर पेज भरवा आणि तिला घेऊन निघा. बुधवारी सकाळी मी गावाच्या वेशीवर त्या दगडापाशी उभा असेन. तो उभा करायला आले तर आडवा पडेन, दुसरं काही माझ्या हातात उरलेलं नाही.

आणि तिने मान नाही वळवली, तरी हाक मारत राहा.

या नावाची मुलगी इथे नाही, असं तिच्या बापाला सांगणारा,
धनराज