पंप आमच्या स्वयंपाकघरातून गेला

तीर्थरूप भावोजींच्या चरणी, वास पोचणार नाही इतक्या अंतरावरून, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे आईची भूक चांगली, हिची जीभ त्याहून चांगली, आणि माझं नाक या नोकरीत कधीच निवृत्त झालं असल्याने त्याची विचारपूस करू नये.

पत्रास कारण, आमच्या सांडपाण्याच्या पंपघरात अखेर नवा पंप बसला. जुन्या दोन पंपांना आम्ही थोरली आणि धाकटी म्हणायचो. (तुम्ही एकदाच आला होतात आणि चहा न घेताच परतलात, त्यामुळे ओळख झाली नसेल.) थोरली खोकत खोकत अख्ख्या वस्तीची घाण उपसायची. तिच्या आजारपणात धाकटी उभी राहायची, पण हल्ली तिनेही अंथरूण धरलं होतं. मग खालच्या गल्लीतल्या मोऱ्या तुंबायच्या आणि लोक शिव्या द्यायला माझ्या दारात यायचे, कारण साहेबांचं दार लांब. म्हणून मी वर्षानुवर्षं साहेबांच्या मागे लागलो होतो, नवा पंप द्या, नवा पंप द्या. मागणारा मीच, हे लक्षात असू द्या.

पंप आला तो दारात मावेना. माप घेणाऱ्याने पंपाचं माप अगदी बरोबर घेतलं होतं. दाराचं घे म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पंपघराची बाहेरची भिंत फोडली तर छप्पर खाली येईल म्हणे. म्हणून पंपघराला लागून मागच्या खोल्यांत आम्ही राहतो, तिथल्या स्वयंपाकघराच्या दोन्ही भिंती फोडल्या. (छप्पर आलंच तर आमचं येईल.) डब्यांच्या फळीखालून पंप निघाला, तशी ही ओढून आणणाऱ्यांना म्हणाली, "पाय तरी पुसून या हो." त्याआधी थोरली बंद केली तेव्हा आई भाजी निवडत होती. तिला इतकी वर्षं त्या घरघरीवरच झोप लागायची. तिने विचारलं, "कोण गेलं रे?" मी सांगितलं. तिने निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

मग पाहुणे जमले, साहेबांनी बटण दाबलं, सर्वांत मोठ्यांदा टाळ्या मी वाजवल्या. पंप फिरला, पण उलटा. तारा जोडणाऱ्याने दोन तारांची अदलाबदल केली होती. इकडे भाषणं चढत होती, तिकडे पंपाखालच्या सांडपाण्याच्या विहिरीतलं पाणी.

"हा कसला आवाज?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, आमची मोरी बोलतेय."

ती नुसती बोलली नाही, उंबरा ओलांडून बाहेर आली. पाहुणे खुर्च्यांवर चढले. तारा बदलल्या तेव्हा कुठे पंप सुलट फिरला, आणि खोटं कशाला सांगू, सुरेख फिरला.

"आता तुम्ही सुटलात!" साहेब म्हणाले. "हा आपला आपण चालतो. बिघडला तर मला फोनसुद्धा करतो."

मी हात जोडून म्हणालो, "उपकार झाले."

घरी हिने विचारलं, "मग तुम्ही काय करणार?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. साहेबांना सुचला होता. माझी जागा रद्द झाली आणि राहत्या खोल्या पंपाच्या यंत्रणेला लागणार आहेत. मी भेटायला गेलो तर साहेब म्हणाले, "अहो, पंप तुम्हीच मागत होतात ना?" परतताना खालच्या गल्लीत बायका कोरड्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. जिने एकदा माझ्या अंगावर बादली रिकामी केली होती, तीच म्हणाली, "आता किती बरं झालं हो!" भावोजी, ते खरंच बरं झालंय. तोंड कडू होतं ते त्यानेच.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार, पोरांच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमची माडीवरची खोली रिकामी असेल तर महिनाअखेरीस आम्ही तिघं येऊ म्हणतो. मिळेल ते काम करीन. आई म्हणजे तुमच्या सासूबाईच, त्यांच्याबद्दल मी काय लिहावं?

आणखी एक. हे पत्र ताईच्या हाती देऊ नका. ती पुरतं वाचायच्या आधीच 'या' म्हणेल, आणि मग तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच, तिच्या नकळत म्हणा. तुमचं 'नाही' मी पचवीन. तिला कधी कळता कामा नये, की मी विचारलं होतं.