शंभर कोटी वर्षांची चव

जगतपुरा, जयपूर
रविवार

ती. तारामावशीस,

नागनाथचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगांनी). तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? इकडे सर्व ठीक, फक्त तू जुळवत आणलेलं स्थळ बहुधा गेलं.

रागावू नकोस, आधी ऐक. ठरल्याप्रमाणे काल आप्पासाहेबांकडे मुलगी बघायला गेलो. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, चेहऱ्यावर कायम 'दावा नामंजूर'. ज्ञानदा समोर बसलेली, हातात पोह्यांची बशी. आप्पासाहेबांनी विचारलं, की सरकार तुम्हाला डोंगर बघायचा पगार देतं, म्हणजे नेमकं काय बघता? भूवैज्ञानिकाला हे विचारणं म्हणजे म्हशीला डबकं दाखवणं. मी सुरू झालो. शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे खंडाची कड होती, पुढे समुद्र. पलीकडून जमिनीचा दुसरा तुकडा सरकत आला (वर्षाला दोन-तीन बोटं, म्हणजे आपल्याकडच्या लग्नाच्या बोलणीपेक्षा जरा वेगात), समुद्र मिटला आणि दोघांची टक्कर झाली. तळचा चिखल दाबला गेला, भाजला, आणि त्याचा चमचमता अभ्रकी दगड झाला. खालून वितळलेला रस घुसून थिजला, तो ग्रॅनाइट. आप्पासाहेबांनी जांभई दिली. ज्ञानदाने मात्र बशी खाली ठेवली, हे मी टिपलं.

इथवर ठीक होतं. मग माझी नजर बाल्कनीत गेली. तुळशीच्या कुंडीशेजारी मुठीएवढा दगड वाळत होता, अस्सल अभ्रकी, आणि त्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल गार्नेट! मी उठलोच. आता आमच्या धंद्यातली एक रीत तुला ठाऊक नाही. कोरड्या दगडातले कण नीट दिसत नाहीत, तो ओला करावा लागतो, आणि रानात पाणी पिण्यापुरतंच असतं. म्हणून आम्ही चाटतो. मी दगड उचलला, चाटला, खिशातलं भिंग लावलं आणि सगळ्यांकडे वळून सांगितलं, की हाच तो टकरीचा पुरावा.

ज्ञानदाची आई पदर तोंडाला लावून आत पळाली. आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "तो माझ्या टाचा घासायचा दगड आहे."

अजमेरहून आणलेला. बारा वर्षं, रोज सकाळी. (त्यांना भेगांचा फार त्रास आहे म्हणे.) मी चूळ भरली, नमस्कार केला आणि घाईत त्यांचीच चप्पल घालून निघालो.

तेव्हा आता दुसरं स्थळ शोधू नकोस. मी एकटा मजेत आहे. दगड नकार तरी कळवत नाहीत. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि ही हकीकत दोघांनाही सांगू नकोस.

तुझा
नागनाथ

ता. क. पत्र पाकिटात घालून चप्पल परत करायला गेलो. दार ज्ञानदाने उघडलं. म्हणाली, "मतलब, मला बघायला सात जण आले. या घरातलं काही इतकं मन लावून बघणारे तुम्ही पहिलेच." मग तिने विचारलं, की टकरीनंतर ते दोन तुकडे पुन्हा वेगळे झाले का. मी म्हटलं, नाही, अजून चिकटून आहेत. ती हसली. मावशी, वर एकटा मजेत आहे वगैरे लिहिलंय ते खोडून वाच.

ता. क. २. पुढच्या रविवारी आप्पासाहेब तुला फोन करणार आहेत. घराण्यात असं आणखी कुणी आहे का, एवढंच त्यांना विचारायचंय. आजोबा शेत घेण्याआधी माती चाखून बघायचे, हे सांगू नकोस. मला ज्ञानदा हवी आहे, मावशी. तेव्हा हात जोडून विनंती, निदान फोन संपेपर्यंत तरी पाटीवरची पेन्सिल कुडूमकुडूम खाऊ नकोस.