अर्धा राहिलेला डाव

प्रिय भिंगरी,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत बरी आहे. कॉम्प्युटरला हात लावायचा धीर होत नाही, म्हणून पेन घेतलं.

तू फोनवर सांगितलंस तसंच केलं बघ. एकमेकांना बघत बोलायचा आपला जुना प्रोग्रॅम आता चालणार नाही, नवा टाकायला जागा पुरत नाही, तेव्हा आधी आईचा पत्त्यांचा खेळ काढा, असं म्हणालीस. साधा काढला तर मागे काहीबाही उरतं, म्हणून मुळासकट काढायची कमांड दिलीस. मी ती काळी खिडकी उघडली, चष्मा पुसला, एकेक अक्षर शोधून लिहिलं आणि एंटर दाबलं. वाटलं, सुटलो. तर भराभरा ओळी आल्या. खेळाच्या सोबतीने आलेल्या बारक्या प्रोग्रॅमांचीही नावं त्यात होती. यांचंही आता काही काम उरलेलं नाही, खेळासकट सगळं काढू का, असं विचारून ते यंत्र थांबलं. हो की नाही, एक अक्षर हवं होतं. माझं बोट तिथेच अडलं.

तेव्हापासून ती खिडकी उघडीच आहे. बंद करावं, तर ते आपल्या मनाने हो समजेल ही धास्ती. दिवे जरा लुकलुकले तरी धावत जाऊन बघतो, प्रश्न आहे ना अजून तिथे. चुकून हात पडू नये म्हणून कीबोर्डवर टॉवेल घातलाय, वर ताट पालथं ठेवलंय. खालचा शिंपी डोकावून म्हणाला, काका, ताप आलाय का याला, पट्ट्या ठेवताय त्या? हसतोय मेला. त्याला काय सांगणार!

तुला माहीत नाही, आईचा शेवटचा डाव त्यात अर्धा आहे. दवाखान्यात जायला निघाली तेव्हा चपला घालता घालता मला दम दिला होता, कुणी हात लावायचा नाही, आल्यावर मी पुरा करीन. ती काही आली नाही. रोज दुपारी चहा घेऊन मी तो डाव उघडून बसायचो. लाल राणी काळ्या राजावर जाते, एवढं मलाही कळतं. पण हलवली नाही. आता तू दिसायला हवीस तर तिचा डाव जातो, आणि डाव ठेवावा तर तू दिसत नाहीस. काय उत्तर देऊ मी?

खरं सांगू? 'नाही' म्हटलं की सगळं होतं तसं राहतं, हे तूच शिकवलंस आणि मी विसरलेलो नाही. पण तसं केलं तर तू म्हणशील, बरं बाबा, बघू दुसरं काहीतरी, आणि घाईघाईने फोन ठेवशील. म्हणून तो प्रश्न तसाच राहू दिलाय. तू ये. आईच्या खुर्चीत बस, तिचा डाव पुरा कर, मग जे अक्षर दाबायचं ते तुझ्या हाताने दाब. यंत्रात जागा नसेल, घरात खूप आहे.

तुझाच,
घाबरट बाबा