डब्यावरचा लाल दिवा

रहिमतपूर
ता. १० फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपाली हिला आईचा जय भीम.

मी बरी हाय. तू पण बरी असशील असं मीच धरून चाललेय, सांगणारं कोण न्हाई. शाळेतली खिचडी चालू हाय. पोरं जेवली की भांडी घासून दोनला घरी येते. मग काय, बसते.

पत्र बघून हसू नको. फोन तू उचलत न्हाईस. शेजारची पूजा म्हणाली, काकू, बोलून पाठवा व्हॉट्सअपवर. पाठवलं असतं, पण बोलाय लागले की माझा आवाज चढतो. कागदावर चढत न्हाई. चौथीपर्यंतचं लिहिणं हाय, समजून घे. पत्ता केरबाकाकानं दिला.

कामाचं लिहिते. तुझा डबा घेऊन जा. ॲम्प म्हणत असतील सगळे, मी डबाच म्हणणार. गिटार खांद्याला लावून यष्टीनं सांगलीला गेलीस, आणि ही धोंड माझ्या बाहेरच्या खोलीत ठेवून गेलीस. झाडू मारायला अडचण होते. मला एकटीला हलत न्हाई.

बिघडलाय पण. ते आधीच सांगून ठेवते.

म्हणजे बिघडलाय असं मला वाटत हुतं. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी चालू करून बघितला. हिरवा दिवा लागला, त्याच्या शेजारी लाल पण लागला. आधी चालू केला की जरा घूं करायचा, तर आता अगदी मुका. दोन महिने रोज एकदा चालू करून बघायची. रोज तो लाल दिवा. बंद करायची आणि भाकरी थापायला बसायची.

रमाईच्या जयंतीच्या आधी रविवारी केरबा आला. त्याच्या गाण्याच्या पार्टीला डबा पाहिजे हुता. मी म्हटलं, जळलाय. "कशानं?" म्हणाला. मी म्हटलं, मांजरानं वायर वढली.

"आवं वहिनी, तुमच्यात मांजर कवापासनं?"

मी म्हटलं, शेजारचं.

त्यानं डबा चालू केला, लाल दिव्याकडं बघितलं आणि खो खो हसाय लागला मेला. "आवं, ह्यो बिघाड न्हाई. ह्यो म्यूट. हितलं बारकं बटण दाबलंय कुणीतरी, म्हणून गप बसलाय." त्यानं ते बटण दाबलं. लाल गेला. डब्यानं घूं केलं.

आम्रपाली, दोन महिने मी त्याला मेलेला समजत हुते, आणि बटण माझ्याच हातानं दाबलं गेलेलं.

मग त्यानं घोळ घातला. तपासायचं म्हणून पाचही बटणं एका झटक्यात शून्यावर फिरवली. मी त्याच्या अंगावर धावले. तू ठेवलेली हुती तशी हुती ती सगळी! धूळ पुसताना मी फडकं बटणाच्या कडंकडंनं फिरवायची, धक्का लागू द्यायची न्हाई. केरबा घाबरला. "वहिनी, परत लावता येत्यात की, त्यात काय!"

त्याला काय म्हाईत तू कुठं ठेवली हुतीस. मला म्हाईत हाय. दोन महिने बघतेय. घड्याळाच्या काट्यावाणी बघायची सवय लागली. पहिलं दहावर. दुसरं दोनवर. मधलं सरळ बारावर. चौथं नऊवर. शेवटचं आठाच्या जरा पुढं. मी सांगत गेले, तो लावत गेला. वरची इंग्रजी अक्षरं त्यानं वाचून दाखवली. मी चिकटपट्टीवर मराठीत लिहून खाली लावली: गेन, बेस, मिड, ट्रेबल, मास्टर. पट्टी निघती, रागावू नको.

गेन म्हणजे आत किती घ्यायचं आणि मास्टर म्हणजे बाहेर किती सोडायचं, हे मला कळलं. आत लय घेतलं की वरच्या कोपऱ्यातला बारका दिवा लाल मारतो. मारून विझला तर चालतंय, पेटूनच ऱ्हायला तर आवाज फाटतो. केरबा म्हणाला, "वहिनी, तुमचा तर कायम पेटलेलाच असतो." तुझे बाबा असते तर त्यांनी पण हेच म्हटलं असतं, आणि वर टाळी दिली असती.

जाताना केरबा म्हणाला, आणखी एक ध्यानात ठेवा. आधी मास्टर शून्यावर आणायचं, मग डबा बंद करायचा, मग गिटारची वायर काढायची. चालू डब्यातनं वायर कधी वढायची न्हाई. लय मोठा दणका बसतो, आतला कर्णा फाटू शकतो. हे तो माझ्याकडं न बघता बोलला. मांजराचं त्याला पटलं न्हवतं.

त्या दिवशी मी उलटं केलं. पाव्हणे तुला बघायला आलेले, चहाचे कप हातात, डबा बाहेर आमच्यापाशी, आणि तू आतल्या खोलीतनं वाजवत हुतीस. पोराच्या आत्यानं विचारलं, "हे काय वाजतंय?" अभिमानानं सांगायचं सोडून मी उठले आणि वायर वढली. तो दणका! आत्याचा चहा सांडला. तेवढ्यावर गप बसायचं, तर मी सगळ्यांदेखत म्हटलं, असली पार्टीत वाजवणारी पोरगी कोण करून घेणार. मग डबा गप करायला दिसेल ते बटण दाबत सुटले. तू गिटार घेतलीस. वायर माझ्या हातातच ऱ्हायली.

ते पाव्हणे परत आले न्हाईत. बरं झालं. आत्या लय चोंबडी हुती.

आता दुपारी भांड्यांची मांडणी गप असती. तू वाजवलंस की ताटं खुळखुळायची आणि मी वरडायची, कमी कर. परवा मी डबा चालू केला. केरबानं दाखवलं हुतं, तसं वायरीच्या मोकळ्या टोकाला अंगठा लावला. गुंम्म झालं. वरची ताटं हलली. मी लय वेळ अंगठा तसाच ठेवून बसले हुते. कोपऱ्यातला दिवा एकदा लाल मारून गेला. मग आधी मास्टर शून्यावर आणलं, मग बंद केलं. नीट केलं.

रमाईच्या जयंतीला मी केरबाला डबा दिला न्हाई. त्यानं दुसरीकडनं आणला. एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला त्याला बेस, म्हणजे तुझी ती जाड तारांची गिटार, वाजवणारं माणूस पाहिजे. कुणाला सांगू, म्हणाला. मी म्हटलं, थांब, माझ्या पोरीला विचारते. स्टेजवर, सगळ्या गावापुढं. मी पुढच्या ओळीत बसते. ज्याला काय म्हणायचं असंल त्यानं माझ्याकडं यावं.

डबा घेऊन जा असं वर लिहिलंय ते खोडत न्हाई, कागद घाण दिसतो. पण न्हेऊ नको. हितंच ये आणि वाजव.

न्हाईच जमलं तर येवढं तरी कळव, की दहा, दोन, बारा, नऊ आणि आठाच्या जरा पुढं, हे बरोबर हाय का.

वायर पुसून, गुंडाळून डब्यावर ठेवलीय. आता मी तिला अंगठा पण लावणार न्हाई. ती तू लाव.

वायर वढणारी,
तुझी आई
चंद्राबाई