प्रोसेसर बदलण्याची योग्य वेळ

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी ११ वाजून ४० मिनिटं.
नेमक्या या वेळी आमचा संगणक कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे कुणाकडे तरी जाब मागावाच लागेल.

हे सासूबाईंच्या फिल्मवर काम करत होते. पडदा काळा झाला, पाठोपाठ ह्यांचा चेहरा. सासूबाई हलताना दिसतात असं चित्रण जगात एकच. फाटकापाशी उभ्या राहून हात हलवतात आणि चार पावलं चालतात. तेही अंधुक. हे ते उजळवून दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, दाखवणार आहेत. दादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन २८ तारखेला. नंतर कितपत दिसेल याचा शब्द डॉक्टर देत नाहीत. दादा म्हणाले, आईला एकदा चालताना बघू दे, मग डोळ्यांचं काय करायचं ते करा.

दोष प्रोसेसरचा. म्हातारा झालाय. हे वर्षभर म्हणताहेत, बदलू या. मीच म्हटलं, थांबा, नवा येतोय, मग आताचा स्वस्त होईल. नवा आला तेव्हा म्हटलं, त्याच्या पुढचा येऊ द्या. याला व्यवहार म्हणतात. तरी ह्यांनी एका शब्दानेही मला बोल लावला नाही. तेच तर वाईट.

संकल्प: या आठवड्यात निर्णय.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी.
मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माझी वाचनालय समिती असते. परत आले तर हे खुशीत. संगणक दुपारभर एकदाही बंद पडला नाही म्हणे. म्हणजे प्रोसेसरमध्ये अजून धुगधुगी आहे. घाई नको. निर्णय पुढच्या आठवड्यात.

बुधवार, ४ फेब्रुवारी.
बंद. चालू. बंद. जेवणानंतर पुन्हा बंद.

कॉम्प्युटरच्या दुकानात फोन केला. दुकानदार प्रत्येक प्रश्नाला ‘बघून सांगतो’ म्हणतो, म्हणून मी त्याचं नावच बघूनसांगतो ठेवलंय. हा गृहस्थ घरी येऊन बघून सांगतो म्हणाला. म्हटलं, बघायचं काय त्यात, प्रोसेसर जुना झालाय एवढं मलाही कळतं. तर उलट मलाच विचारतो, आजी, संगणकाच्या डब्याला हवा लागते ना? आजी! म्हटलं, डबा खिडकीपाशी आहे, तुमच्या दुकानापेक्षा हवेशीर. मग म्हणे, धूळ? धूळ, आणि माझ्या घरात?

गेल्याच महिन्यात मी डब्याला स्वतः आवरण शिवलंय. जाड कापड, अगदी मापात. पुढे बटणापुरतं एक काज, मागे वायरींपुरती दोन. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, टाका असा घाला की मुंगीला आत शिरता येऊ नये. आवरण घातलं तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली. हे बघूनसांगतोला सांगितलं नाही. त्याला काय कळणार त्यातलं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.
आजही दुपारभर उत्तम चालला. शोध लागला! मंगळवारी आणि शुक्रवारीच नीट चालतो. ह्यांना म्हटलं. खाली बघत म्हणाले, असेल काहीतरी. माझ्या मते त्या दुपारी समोरच्या सुताराचं मशीन बंद असतं, म्हणून आपल्याला वीज पुरेशी मिळते. वीज कंपनीला खरमरीत पत्र पाठवलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी.
लेकीचा फोन. म्हणाली, आई, पुरे झालं तुझं थांबा-थांबा. तुझा प्रोसेसर स्वस्त होईपर्यंत काकांचे डोळे थांबणार आहेत का? फटकळ आहे. कुणावर गेलीय कोण जाणे.

फोन ठेवला. काहीतरी केल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. गारठा वाढलाय, जुन्या मशीनला तो बाधत असणार. आवरणाला आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलं. दुहेरी. ह्यांना दाखवलं तर किती तरी वेळ नुसते बघतच राहिले. मग म्हणाले, फारच सुबक झालंय गं. डोळ्यांत पाणी होतं. भरून आलं असावं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी.
मोठा संकल्प: फिल्म पूर्ण होईपर्यंत वाचनालयात पाऊल टाकायचं नाही. माझ्यामुळे उशीर झाला ना, मग ह्यांना सोबत मीच करणार.

मला वाटलं होतं त्याच्या निम्माही आनंद ह्यांना झाला नाही. म्हणाले, अगं जा ना तू, समितीचं अडेल. म्हटलं, अडू दे. म्हणाले, मग भाजी तरी घेऊन ये. म्हटलं, फ्रिज भरलाय. थोड्या वेळाने म्हणाले, बाहेर ऊन छान पडलंय, पाय मोकळे करून ये. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या पायांची ही पहिलीच काळजी! मी विणकाम घेऊन शेजारीच बसले.

शुक्रवार असूनही संगणक धड अर्धा तास चालला नाही. सुताराने दिवस बदलला असणार.

मंगळवार, १७ फेब्रुवारी.
आजही गेले नाही. आजही बंद.

दादांचा फोन आला. ह्यांनी उचलला आणि तसाच माझ्या हातात दिला. दादा म्हणाले, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका. नाही झालं तर नाही. आई मला आठवते की. चालायची कशी तेवढं आठवत नाही, बाकी सगळी आठवते.

फोन ठेवून तडक प्रोसेसर मागवला. सगळ्यांत नवा, सगळ्यांत महाग. कुणाला विचारलं नाही. ह्यांनाही नाही. योग्य वेळ हीच.

शनिवार, २१ फेब्रुवारी.
प्रोसेसर आला. बसवायला ये म्हणून बघूनसांगतोला फोन केला. त्याने मॉडेल विचारलं आणि म्हणाला, आजी, हा तुमच्या जुन्या बोर्डात बसणारच नाही. बोर्ड बदलायचा, तर मेमरीही बदला. आठवडा तरी लागेल. म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाला, बघून सांगतो म्हणत होतो, तुम्ही बघूच दिलं नाहीत.

उद्धट.

आठवडा कुठून आणू? प्रोसेसर कपाटात पांघरुणांच्या घडीखाली ठेवलाय. ह्यांनी विचारलं, पार्सल कसलं होतं? लोकर, म्हटलं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी.
समितीच्या अध्यक्षीणबाईंचा फोन. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, सगळ्या खोळंबल्यात. नाइलाजाने निघाले. जिन्यापर्यंत सोडायला हे स्वतः आले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, किल्ली घरीच राहिली.

परत आले. दार हळूच उघडलं. डबा बोडका. आवरण खुर्चीवर, अस्तर आत करून नीट घडी घातलेलं. डब्यातल्या पंख्याची नुसती बारीक घरघर. आणि पडद्यावर सासूबाई. चेहरा लख्ख. हात हलवला, फाटक सोडलं, चालत पुढे आल्या. ह्यांची पाठ माझ्याकडे होती.

किल्ली न घेताच बाहेर पडले. चपला हातात धरून जिना उतरले, आवाज नको म्हणून. खाली बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. समितीचं अडलं. अडू दे.

घरी आले तेव्हा आवरण जागच्या जागी होतं. हे म्हणाले, झाली बघ फिल्म! म्हटलं, प्रोसेसरने शेवटी लाज राखली म्हणायची.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.
दादांकडे जाऊन त्यांना फिल्म दाखवली. पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले होते. संपली तरी नाक तिथेच. मग म्हणाले, डावा पाय जरासा ओढायची. विसरलोच होतो. पुन्हा लाव. ह्यांनी पुन्हा लावली. आणि पुन्हा.

सगळ्यांनी ह्यांचं कौतुक केलं. हे म्हणाले, हिने सगळं सोडून शेजारी बसून सोबत केली, म्हणून झाली. दादांनी माझा हात हातात घेतला. कुठे बघावं कळेना.

घरी आल्यावर आवरणाचं अस्तर उसवायला घेतलंय. फ्लॅनेल धुवायला झालंय, म्हणून. आवरणही काही दिवस बाहेरच राहील. वाळायला वेळ लागतो. प्रोसेसर म्हातारा आहे हे माझं मत कायम आहे.

ह्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा:

माझं आवरण आपण पहिल्यांदा कधी काढलंत, मी दाराबाहेर पडल्यावर किती वेळाने, आणि मी सोबतीला म्हणून शेजारी बसून राहिले त्या सगळ्या दुपारी तोंडातून अवाक्षर का काढलं नाहीत, याचा लेखी खुलासा सोमवार, २ मार्च, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या आत माझ्या हाती द्यावा. ‘तुला वाईट वाटलं असतं’ हा खुलासा स्वीकारला जाणार नाही.