डोंगर हलले त्याला मी काय करू

५ मार्च १९८४, लिंझ
आजच्या पेपरात आमच्या जुन्या सिनेमाची बदनामी. ‘तीन खोल्या, एक नवरी’. दिग्दर्शक मी, हीरोही मीच. फिल्म क्लब शनिवारी दाखवणार, म्हणून कोणा हाफनरबाईंनी आधीच झोडपलंय. दार आपटलं की मागचे आल्प्स हलतात. गाण्याआधी हीरोला मिशी, गाण्यानंतर गायब. वर म्हणे, प्रेम औषधालाही नाही; चुंबन घेताना नायिका भलतीकडेच बघते.
ठरलं. शनिवारी स्टेजवर जाऊन मुद्देसूद उत्तर.

६ मार्च
भाषण सुरू. मिशी: प्रेमात पडलेला माणूस मिशी काढत नाही का? डोंगर: कापडाचे होते, हलणारच. खरे असते तर हलले नसते, हे बाईंना कळू नये?
ट्रूडे, माझी बहीण, माझ्याकडे राहते (म्हणजे मी तिच्याकडे). म्हणाली, अरे हार्टविग, लोक हसले तर बिघडलं कुठे, कॉमेडीच आहे ना? मी म्हटलं, हसायच्या जागा मी ठरवल्यात.

७ मार्च, संध्याकाळ
प्रेमाला साक्षीदार हवा. सरळ नायिकेला, आनेलीजला, व्हिएन्नाला फोन. इतक्या वर्षांनीही आवाज ओळखला. म्हणजे, नाव सांगितल्यावर. शनिवारी येते म्हणाली. नवरा वारल्याचं स्वतःहून सांगितलं. का सांगितलं असेल?
सिनेमानंतर जेवण, जेवताना लग्नाचं विचारायचं. सत्तरी म्हणजे काही वय नव्हे.

९ मार्च
निळा सूट काढला. श्वास रोखला की बटण लागतं. भाषण छोटं केलं.

११ मार्च, सकाळ
काल हॉल भरला होता. डोंगर हलले, लोक हसले. मिशी गेली, टाळ्या. शेजारी आनेलीज हसून हसून डोळे पुसत होती. मी डगमगलो नाही. शेवटी स्टेजवर जाऊन म्हणालो, प्रेम नव्हतं म्हणता ना, मग विचारा हिलाच.
हाफनरबाई उठल्या. तरुण निघाल्या. म्हणाल्या, ताई, चुंबनाच्या वेळी तुम्ही बघत कुठे होतात?
आनेलीज म्हणाली, कॅमेऱ्याच्या डावीकडे. तिथे दिवा धरून फर्डिनांड उभा असायचा. त्याच आठवड्यात आमचं लग्न ठरलं.
कोणी हसलं नाही. मग तिनं विचारलं, तेवढाच तुकडा परत दाखवता का?
दाखवला. आजवर मी त्यात स्वतःलाच पाहत आलो होतो. काल तिचे डोळे पाहिले.
हाफनरबाई म्हणाल्या, माझं चुकलं. प्रेम आहे.
मी म्हटलं, मग तसं छापा.
आनेलीजची व्हिएन्नाची गाडी होती, ती गेली. हॉटेलात टेबल सांगून ठेवलेलं, म्हणून ट्रूडेला नेलं. दोघांचं मटण तिनंच संपवलं.

१३ मार्च
दुरुस्ती छापून आली. सिनेमात खरं प्रेम आहे, असं स्पष्ट लिहिलंय. जिंकलो.
खाली एक ओळ आहे: प्रेक्षकांनी त्या प्रसंगात नायिकेचे डोळे बघावेत, नायकाचं डोकं मध्ये येतं तिकडे लक्ष देऊ नये.